मेव्हण्याचं अर्धं कार्ड

माझा मेव्हणा मेला, पण सेफ्टी लावून मेला. हे मी नाही म्हणत, त्याच्या नेमबाजी क्लबातले लोक म्हणतात, आणि म्हणताना त्यांची छाती अशी फुगते की जसं काही त्यांनीच शिकवलं होतं. सहा गोळ्या मारल्या आणि सातवीच्या आधी त्याला छातीत काहीतरी झालं. तर या बाबानं काय करावं? गोळ्यांचं मॅगझीन काढलं, पिस्तूल उघडं करून, तोंड समोर करून टेबलावर ठेवलं, खुर्ची ओढली, बसला आणि गेला. शेजारच्या माणसाला वाटलं, दम खातोय. त्यानं चहासुद्धा विचारला म्हणे.

सगळं नीटनेटकं केलं. कार्ड तेवढं अर्धं राहिलं.

आता कार्ड म्हणजे समोर टांगलेला जाड कागद, मधोमध काळा गोळा, त्यात गोल गोल रेघा. अगदी मधल्या रेघेत गोळी लागली तर दहा गुण, बाहेर जाल तसा एकेक कमी. दहा गोळ्या झाल्या की कार्ड पुरं. त्याच्या कार्डावर सहा भोकं होती, सगळी मधल्या काळ्यात, बोटानं झाकली जातील एवढी जवळजवळ. आणि त्या क्लबात एक रीत आहे. एखादा माणूस मध्येच गेला तर त्याचं कार्ड उतरवत नाहीत. ती लेन बंद. वरचा दिवा चालू. घरातल्या कुणीतरी येऊन उरलेल्या गोळ्या मारायच्या, तेव्हा कार्ड खाली येतं आणि घरी जातं. घरातलाच माणूस लागतो, मित्र चालत नाही. आणि एक जरी गोळी कागदाबाहेर गेली तर पुन्हा संधी नाही. ते कार्ड अर्धंच धरतात आणि मागच्या बाजूला नेऊन जाळतात.

मेव्हणा सडाफटिंग. शिंपीकाम करायचा, आमच्याच वरच्या खोलीत राहायचा. त्याच्या घरातलं म्हणजे माझी बायको आणि मी. बायकोच्या हातांना कंप आहे, कपबशी आणली की मला स्वयंपाकघरापासून आवाज ऐकू येतो. उरलो मी. किल्ल्या बनवणारा, बावन्न वर्षांचा, आणि डोळे असे की स्वतःच्याच दुकानात कुलपाचं भोक चाचपून शोधतो.

मी आधी हसण्यावारी नेलं. माझं नि मेव्हण्याचं नातंच तसं होतं. मी एकदा त्याच्या मापाच्या टेपाची सुरुवातीची पट्टी कापून ठेवली; कापड तो लाकडी गजावर मोजायचा, त्यामुळे गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या पँटी रस्ता झाडत होत्या. त्यानं मला काही म्हटलं नाही. नुसते माझ्या सगळ्या पँटींचे खिसे आतून शिवून टाकले. भर चौकात गिऱ्हाइकापुढे मी किल्लीसाठी खिशात हात घालतोय आणि हात जाईना. वरच्या खिडकीत हा, तोंडात टाचण्या धरून हसतोय. अशा माणसाचं कार्ड मी पुरं करायचं म्हणजे त्यालाच हसू आलं असतं.

पण बायको हसत नव्हती. रडतही नव्हती, आणि ते जास्त वाईट होतं. ती त्याचे शर्ट काढायची, धुवायची, इस्त्री करायची आणि परत वर ठेवून यायची.

"अगं, घालणार कोण ते?" मी एकदा विचारलं.

"कार्ड लटकतंय ना अजून," ती म्हणाली. "म्हणजे दादा तिथंच उभा आहे. चुरगळलेल्या कपड्यात उभा करू?"

हे ती इतक्या साध्या आवाजात म्हणाली की जणू दूध उतू गेलंय म्हणून सांगतेय. मी दुसऱ्या दिवशी क्लबात गेलो.

क्लब म्हणजे एका बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याचं तळघर. भिंती हातभर जाड. बर्फ बंद होऊन जमाना झाला पण गारठा गेलेला नाही. शिकवायला एक निवृत्त कवायत शिक्षिका, सगळे तिला मास्तरीणबाई म्हणतात. सत्तरीच्या पुढची, चष्मा बाटलीच्या बुडासारखा, आणि तोंडाला लगाम नाही.

भिंतीकडच्या शेवटच्या लेनमध्ये दिवा चालू होता. लांबवर ते कार्ड. मी तिकडे फार बघितलं नाही.

मला दुसऱ्या लेनमध्ये उभं केलं. पहिली गोळी मारली. कार्डाला लागली नाही. दुसरी लाकडी चौकटीला. तिसरी कुठं गेली ते आजवर कुणाला कळलेलं नाही.

"वय किती?" बाईंनी विचारलं.

"बावन्न."

"म्हणजे डोळे पासष्टचे. कुठं बघत होता?"

"कार्डाकडे. आणखी कुठं बघणार? तुमच्याकडे?"

"चूक," बाई म्हणाल्या. माझा विनोद त्यांनी माशीसारखा झटकला. "पिस्तुलाच्या टोकावर ही उभी पट्टी आहे, ही माशी. आणि ही तुमच्याजवळची खाच. खाचेत माशी, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, माथा सपाट. डोळा एका वेळी एकच गोष्ट स्पष्ट बघतो. ती माशी. कार्ड पुसट दिसलं पाहिजे. धुक्यातल्यासारखं. कार्ड स्पष्ट दिसलं की समजायचं, नेम गेला."

"मला तर माशीपण दिसत नाही. नुसता धूर दिसतो."

"तरणी पोरं क्षणात जवळचं बघतात, क्षणात लांबचं. आपल्या डोळ्यातलं ते यंत्र आता गंजलंय. वंगण मिळत नाही त्याला. चष्मेवाल्याकडे जा आणि माशीच्या अंतराची काच करून घ्या."

चष्मेवाल्याकडे मी एक काठी घेऊन गेलो. पिस्तूल तर नेता येत नव्हतं. काठीच्या टोकाला किल्ली बांधली होती, हात लांब केला की किल्ली बरोबर माशीच्या जागी.

"हे स्पष्ट दिसायला हवं," मी म्हटलं.

"वाचायला की लांबचं बघायला?"

"दोन्ही नाही. एक हात लांबचं."

"एक हात लांब असतं काय?"

"माझ्या दुकानात बायको उभी राहते उधारी विचारायला, तेवढं."

त्यानं करून दिलं. उजव्या डोळ्याला ती काच, डाव्या काचेवर दुधी चिकटपट्टी, म्हणजे डोळा मिटायला नको. डोळा मिटला की दुसऱ्यावरही ताण येतो, हे बाईंनीच सांगितलं होतं. उजव्या काचेवर मी काळ्या पट्टीचा तुकडा लावून मध्ये बारीक भोक पाडलं. भोकातून बघितलं की कडा धारदार होतात. चष्मा लावून हात लांब केला. बोटांवरचे केस दिसले. नखात अडकलेला पितळेचा कीस दिसला. खूप वर्षांनी मला माझा स्वतःचा हात नीट दिसला. त्यापलीकडचं सगळं जग मात्र विरघळलेलं.

घरी सराव करायला बाईंनी सांगितलं होतं. पिस्तूल घरी मिळत नाही, म्हणून मी दाराच्या मुठीला कुलपाची स्प्रिंग बसवून एक खोटं पिस्तूल केलं. चाप ओढायला खऱ्याइतकाच जड. माशी म्हणून पितळी किल्लीचा दात घासून लावला.

"कोऱ्या भिंतीवर धरा," बाई म्हणाल्या होत्या. "भिंतीवर काही म्हणजे काही नको. समोर काही नसलं की माणूस मुकाट्यानं माशीकडे बघतो. आणि चाप ओढायचा नाही, दाबत न्यायचा. हळूहळू. केव्हा सुटेल ते तुम्हालाच कळता कामा नये. सुटला की दचकला पाहिजे तुम्ही. वाटलं पाहिजे, हा चाप आपण ओढलाच नाही, दुसऱ्याच कुणी ओढला."

दुपारची वेळ. बायको बाहेरच्या खोलीत इस्त्री करत होती, पाणी शिंपडल्याचा आवाज येत होता. मी आतल्या कोऱ्या भिंतीसमोर उभा राहिलो. चुना नुकताच मारलेला, खिळासुद्धा नाही. हात लांब. खाचेत माशी. माशीचा माथा कसा सुरीनं कापल्यासारखा दिसत होता. मला गंमत वाटली. चाप दाबत नेला.

आणि माशीच्या मागे, भिंतीवर, राखाडी काहीतरी होतं.

डोक्याएवढं. खाली दोन्ही बाजूंना उतरत गेलेलं. उजवी बाजू जरा जास्त उतरलेली.

मी नजर उचलून भिंतीकडे बघितलं. भिंत कोरी. परत माशीकडे बघितलं. ते परत तिथं. भिंतीकडे बघ, गायब. माशीकडे बघ, हजर. मी बराच वेळ हाच खेळ करत बसलो. माझ्या पाठीला घाम आला तेव्हा थांबलो. जन्मभर मशीनवर वाकून मेव्हण्याचा उजवा खांदा खाली गेला होता. त्याच्या स्वतःच्या शर्टाला तो एका बाजूला जास्त कापड घ्यायचा.

काच पुसली. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी थेंब टाकून आत बघितलं, म्हणाले, पडदा स्वच्छ आहे, वयाच्या मानानं झकास. मी म्हटलं, भिंतीवर माणूस दिसतो. ते म्हणाले, विश्रांती घ्या.

क्लबात पण तेच. माशीकडे नीट बघितलं की कार्डाच्या पुढे ते राखाडी उभं. बरोबर काळ्या गोळ्याच्या जागी त्याचं डोकं. आणि मग माझी नजर न राहवून वर जायची, ते नाहीसं व्हायचं, आणि गोळी खाली काठाला जायची. दरवेळी.

"तुम्ही बघता," बाई म्हणाल्या. "चाप सुटायच्या क्षणी कार्डाकडे बघता. नवशिक्याची सगळ्यात जुनी खोड आहे ही. पण तुम्ही इतर वेळी हुशार दिसता. का बघता?"

मी सांगितलं. खरं खरं, एक शब्दही न वाढवता.

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "किल्लीवाले, मागच्या आठवड्यात माझ्या शिट्टीत साबणाचं पाणी कुणी भरलं होतं?"

"मी."

"सगळ्यांसमोर माझ्या तोंडातून फुगे निघाले."

"सुंदर निघाले बाई. पण हे तसं नाही."

"असं तुम्ही शिट्टीच्या वेळीपण म्हणाला होता."

आयुष्यभर लोकांना गंडवलं की हे असं होतं. रस्त्यात पाय मोडून पडलो असतो तरी लोकांनी आधी टाळ्या वाजवल्या असत्या.

बाई पिस्तूल पुसायला लागल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आणि समजा, उभाच असेल तो तिथं. तरी बघायचं नाही. माशीकडे बघायचं. त्याला ठाऊक आहे, तुम्ही का आलाय."

घरी बायकोला मी काही बोललो नाही. ती मात्र रोज विचारायची, "लागतात का आता कागदावर?" आणि मी म्हणायचो, "लागतात गं." बहुतेक लागायच्या. एखादी जायची. त्या एखादीचाच प्रश्न होता.

शेवटी एका रविवारी सकाळी ठरलं. रीत अशी की त्या वेळी बाकी कुणी गोळी मारत नाही. सगळे पिस्तुलं उघडी करून टेबलावर ठेवतात आणि रेषेमागे उभे राहतात. मेव्हण्याचंच पिस्तूल माझ्यापुढे ठेवलं. बाईंनी चार गोळ्या मोजून दिल्या. बायकोनं बसायला खुर्ची मागितली. तीच, मेव्हणा शेवटचा बसला होता ती. कुणीतरी दुसरी पुढे केली, तिनं मान हलवली.

"या वेळी काही गंमत करू नका हं," ती मला हळूच म्हणाली. "माझ्या गळ्याची शपथ."

"नाही करत."

कानावर झाकणं चढवली. बाहेरचे आवाज बारीक झाले. चष्मा नीट केला, हात लांब केला. खाच. माशी. दोन्ही बाजूंना उजेड सारखा.

तो होता. लांब, कार्डाला पाठ लावून. माझा श्वास अर्धा बाहेर, अर्धा आत. चाप दाबत गेलो आणि ऐन वेळी नजर चष्म्यावरून वर गेली. गेलीच. कार्ड लख्ख दिसलं, त्याची सहा भोकं दिसली, आणि पिस्तूल हातात उडालं.

बाई दुर्बिणीला डोळा लावून वाकल्या. इतका वेळ लावला की मला वाटलं, संपलं. मी बायकोकडे बघायचं टाळलं.

"कागदावर आहे," बाई म्हणाल्या. "खालच्या काठाला. नखाएवढा कागद उरलाय." मग माझ्या कानावरचं झाकण बाजूला करून म्हणाल्या, "बघितलंत."

"हो."

"आता मेलात तरी बघू नका."

दुसऱ्या गोळीला मी माशी अशी धरली की डोळ्यातून पाणी यायला लागलं. तो होता, पण कार्डापाशी नव्हता. अर्ध्या वाटेवर आला होता. मोठा दिसत होता, कडा जरा घट्ट झालेल्या. माशीच्या माथ्यावर एक बारीक ओरखडा होता, मी त्याला चिकटून राहिलो. गोळी गेली. मी दचकलो.

"नऊ," बाई म्हणाल्या.

तिसऱ्या वेळी तो इतका जवळ होता की कार्ड दिसतच नव्हतं. माशीच्या मागे सगळा तोच. राखाडीत रंग आले होते. गळ्याभोवती एक पिवळी रेघ, दोन्ही बाजूंना खाली लोंबणारी. टेप. मला माशी कुठं ठेवायची ते दिसेना, कारण ज्यावर ठेवायची तेच नव्हतं. मग आठवलं, कोरी भिंत. इतके दिवस मी कोऱ्या भिंतीवरच तर धरत होतो. हाताला जागा माहीत होती. दाबत गेलो. सुटली.

"दहा," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जरा फाटला.

मी पिस्तूल खाली धरून उभा राहिलो. मी काही शाळा शिकलेला नाही, पण एवढा हिशोब मला जमतो. दर गोळीला तो पुढे येत होता. आणि माझी काच एक हात लांबच्या अंतराची होती.

चौथ्यांदा हात उचलला.

आधी माशी दिसली. ओरखडा दिसला. आणि तिच्या मागे, अगदी लागून, शर्टाचं बटण दिसलं. पुसट नाही. चार भोकांचं बटण, त्यातला दोरा, दोऱ्याचं सुटलेलं टोक. खिशाला टोचलेली सुई, तिच्यात निळा दोरा ओवलेला. शर्ट कडक इस्त्रीचा. पिस्तुलाचं तोंड त्याच्या छातीला टेकायला बोटभर जागा होती.

मला फक्त नजर उचलायची होती. एवढं जरी वर बघितलं असतं तर त्याचा चेहरा दिसला असता, बटणाइतका स्पष्ट. तो हसत होता की रागावला होता, की मला नको म्हणत होता. माझा हात जड झाला. माशी खाचेत नाचायला लागली.

"उतरवा," बाई म्हणाल्या. "हात थकला की उतरवायचा. घाई नाही."

मी उतरवला. टेबलाच्या कडेला धरून उभा राहिलो. माणसाच्या छातीत गोळी मारायला मी इथं आलो नव्हतो. किल्ल्या बनवतो मी. ओठांवर आलं होतं की सांगून टाकावं, होणार नाही माझ्यानं. पण सांगणार कुणाला? माझं ऐकून इथं फक्त हशा पिकला असता.

"अहो," मागून बायकोचा आवाज आला. झाकणांतूनही आला. "थांबू नका. त्याचे पाय दुखत असतील."

मी हात उचलला. बटण. सुई. मी त्यांच्याकडे नाही, माशीकडे बघितलं. दाबत गेलो, दाबत गेलो, आणि माझ्या मनात एकच चाललं होतं, की अजून सुटू नये. बोट मी थांबवलं होतं. देवाशपथ सांगतो, बोट मी थांबवलं होतं. आणि चाप सुटला.

मी इतका दचकलो की चष्मा नाकावरून घसरला.

"दहा," बाई दुर्बिणीतून म्हणाल्या. मग दुर्बिणीची काच पुसून पुन्हा बघितलं. मग म्हणाल्या, "अगदी मधलं. त्याच्याच एका भोकातून गेली बहुतेक. किल्लीवाले, हे कसं केलंत?"

"मी नाही केलं," मी म्हटलं, आणि सगळे हसले. काही जणांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. त्या हसण्यात जरा रडणंही होतं, म्हणून मी वाद घातला नाही.

कार्ड खाली आलं. दिवा मालवला. बाईंनी कार्ड दोन्ही हातांनी बायकोच्या हातात दिलं, तिच्या हातात ते पानासारखं फडफडलं.

घरी आल्यावर तिनं कार्ड टेबलावर ठेवलं, समोर बसली, एकेका भोकावरून बोट फिरवलं. काठावरच्या भोकाशी थांबली.

"हे तुमचं," ती म्हणाली.

"माझंच."

"आणि आता? गेला तो?"

मी आयुष्यात भल्याभल्यांना टोप्या घातल्यात. पोलिसाला त्याच्याच गाडीची किल्ली विकली आहे. मी चेहरा असा ठेवला की कोऱ्या भिंतीनं शिकावं. "गेला," मी म्हटलं. "हसत गेला. आता झोप लागेल तुला."

ती माझ्याकडे बघत राहिली. "मला गंडवताना तुमचा आवाज फार गोड होतो," ती म्हणाली. "चष्मा द्या इकडे."

"कशाला? तुझ्या नंबराचा नाही तो."

"माझेही डोळे तुमच्याच वयाचे आहेत. द्या."

मी दिला. तिनं तो लावला. डावी काच दुधी, उजवीवर काळी पट्टी, मध्ये टाचणीएवढं भोक. इतर वेळी मी हसून लोळलो असतो. ती वळली आणि तिनं हात समोर लांब केला, अंधारात भिंत चाचपावी तसा.

तिचा हात थरथरत होता. मग हवेत एका जागी टेकला, आणि थरथर थांबली. लग्नानंतर इतक्या वर्षांत तो हात स्थिर मी पहिल्यांदा बघितला. बोटं जरा वाकली. काहीतरी नीट करत होती, एखादा दोरा तोडावा तशी.

मी नीट बघायला दोन पावलं पुढे गेलो.

"सरका ना हो," ती म्हणाली. "मध्ये येताय."

मी घाईघाईनं बाजूला झालो, पलंगाकडे.

"तिकडे नको," ती म्हणाली. "त्याला बसू दे."